पाक थांबत नाही, पीठ थांबतं

या आठवड्यात आपल्या मराठी मंडळाच्या बैठकीत ठरलं, की यंदाचा दिवाळीचा फराळ नागपूरहून मागवायचा. याला माझी हरकत नाही. नागपूर काही लांब नाही, गाडीनं खोकी येतील, चकचकीत असतील, नावंही छापलेली असतील. ज्यांना चकल्या करायच्या नाहीत त्यांनी खुशाल विकत घ्याव्यात, हे मी सोऱ्याच्या लेखात लिहिलं होतं आणि त्यापायी पत्रांतून यथेच्छ बोलणी खाल्ली होती. ते मत कायम आहे. माझं डोकं फिरलं ते बैठक संपल्यावर, चहाच्या वेळी. खोक्यात अनारसे हवेतच, असा एका गृहस्थांचा आग्रह होता. का, तर नाहीतर इथल्या पोरांना तो छत्तीसगढी अरसाच अनारसा वाटायला लागेल. आणि अरसा म्हणजे काय हो, आपल्या अनारशाची गावठी नक्कल! बऱ्याच माना डोलल्या. त्या डोलणाऱ्या मानांपैकी किती जणींच्या घरात अलीकडे अनारशाचे तांदूळ भिजलेत, हे तिथेच विचारणार होते. चहा गार होत होता, म्हणून राहिलं. आता विचारते.

आधी ती ‘नक्कल’ निकालात काढू. छत्तीसगढात जे काही बरं आहे ते भोसल्यांच्या घोड्यांवरून आलं, असं मानणारी एक जमात आपल्यात आहे. बिंबाजी भोसले 1758 ते 1787 रतनपुरात होते, आणि दसऱ्याला सोनं वाटायची चाल त्यांनी इकडे रुजवली असं सांगतात. ते सोनं मी दर वर्षी आनंदानं घेते. पण अरसा? तो ओडिशात अरिसा पिठा होऊन बसलाय. तिथेही 1751 ते 1803 भोसलेच होते की, असं कुणीतरी म्हणणारच. बरं. तामिळनाडूत अधिरसम आहे. तंजावरला भोसलेच! हेही मान्य. मग गढवालात लग्न झालेल्या लेकीबरोबर अरशांची टोपली सासरी जाते, तिकडे कोणते भोसले गेले होते तेवढं मंडळानं शोधून कळवावं. तांदूळ भिजवून कुटायचा, त्यात गूळ घालायचा आणि तळायचा, ही गोष्ट इतक्या मुलखांत इतकी जुनी आहे, की तिच्यावर कुणी मालकी सांगणं हास्यास्पद आहे. आणि आपण तर भिलाईजवळच्या चरोद्यात राहतो. रेल्वेच्या यार्डानं पाच मुलखांची माणसं क्वार्टरांच्या एकेका रांगेत आणून बसवली. इथे हा सगळा नकाशा दिवाळी ते संक्रांत ताटलीत घालून दारात येतो, आणि तरी आपल्याला अस्सल-नक्कल सुचतं.

तांदळाचा विषय निघाला की मी दादाजी खोब्रागड्यांवर येते, हे वाचकांना पाठ आहे. ज्यांना वीट आलाय त्यांनी एक परिच्छेद ओलांडून पुढे जावं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथल्या या अल्पभूधारक शेतकऱ्याला 1983 साली पटेल-3 जातीच्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यानं बाजूला काढल्या, पुन्हा पेरल्या, वाढवल्या, आणि त्यातून निघालेल्या वाणाला मनगटी घड्याळाचं नाव मिळालं, एचएमटी. दुर्ग जिल्ह्यात तुम्ही-आम्ही जो भात जेवतो त्यात हाच तांदूळ किती असतो, ते किराणावाल्याला विचारा. दादाजी 2018 साली गेले. आमच्या संस्कृतीच्या गप्पांत भोसले येतात, खोब्रागडे येत नाहीत. समोरच्या घरातला अरसा विदर्भातल्या माणसानं निवडलेल्या तांदळाचा असू शकतो, हे त्या चहाच्या वेळी एकालाही सुचलं नाही. जाता जाता माझा एक जुना संशय: भिलाईतल्या मराठी घरांत अनारसे हसायला, म्हणजे तुपात फुटून विरायला लागले ते जाडा तांदूळ सोडून सगळ्यालाच हा बारीक, पॉलिशचा तांदूळ वापरायला लागल्यापासून. पुरावा मागू नका, माझ्याकडे नाही.

आता दोन्ही पदार्थ ओट्यावर शेजारी शेजारी ठेवू.

अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलून. तिसऱ्या दिवशी पाण्याला आंबूस वास सुटतो आणि दाणा बोटांत चुरतो. निथळून फडक्यावर सावलीत पसरायचे, पण पुरते वाळू द्यायचे नाहीत. अंगात ओल आहे तोवर कुटायचे आणि बारीक चाळायचे. त्यात गूळ नाहीतर पिठीसाखर, चमचाभर तूप, घट्ट गोळे, आणि डब्याचं झाकण लावून पाच-आठ दिवस विसरायचं. आत गूळ सुटतो, पीठ मुरतं. मग लिंबाएवढी गोळी खसखशीवर थापायची, खसखशीची बाजू वर ठेवून अलगद तुपात सोडायची, आच मंद. उलटायचं नाही. झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं, म्हणजे कडेपासून मध्यापर्यंत जाळी पडत जाते. हसला तर कढईभर भुगा, आणि वर सासूचं तोंड.

अरशाचे तांदूळ रात्री भिजत घातले की सकाळी निथळले, ओलेच कुटले. तिकडे कढईत गुळाचा पाक. थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून बघायचा. बोटांनी मऊ गोळी वळता आली की पाक झाला. इथून पुढे मात्र एकटीचं काम नाही, कारण पाक थांबत नाही. एकीनं पीठ सोडायचं आणि दुसरीनं त्याच वेळी जोर लावून घोटायचं. क्षणभर हात थांबला की गुठळी, आणखी थोडा वेळ गेला की दगड. मग गरम असतानाच थापायचं, तीळ लावायचे, दोन्ही बाजूंनी खरपूस तळायचं. तेलुगू घरात अरिसे तेलातून काढल्यावर दाबून निथळतात, म्हणजे तिथे आणखी दोन हात.

परवा समोरच्या क्वार्टरमधल्या दीदींकडे अरसे चालले होते. दीदी घोटत होत्या, त्यांची जाऊ पाकाची वाटी घेऊन उभी, शेजारच्या तेलुगू आंटी थापायला बसलेल्या. पीठ सोडायला मोकळा हात नव्हता. दीदींचे यजमान नाइट ड्यूटी करून दारात आले, त्यांनी बूट काढले, हात धुतले आणि सुपातलं पीठ उचललं. एक शब्द कुणी बोललं नाही. पहिला घाणा जरा कडक झाला. तो मुलांनी उभ्या उभ्या संपवला. दुसरा झाला तेव्हा पाक कुठे चुकला यावर आंटी आणि दीदी यांचा जोरदार वाद चालला होता, आणि दीदींची बारावीतली मुलगी तो कान देऊन ऐकत होती. पुढच्या वर्षी पाक ती बघणार, हे मी आजच सांगते.

आता आपल्याकडचं चित्र. अनारसा हा ‘हात असलेल्या’ बाईचा पदार्थ. प्रत्येक घराण्यात अशी एक असते. तिचं सोवळं, तिचा मुहूर्त, तिचा डबा. आमच्याकडे तळताना स्वयंपाकघराचं दार लोटून घेत, कारण नजर लागली की हसतो. आत मुलींनासुद्धा मज्जाव. आम्ही बाहेरून फक्त तुपाचा वास घेतला. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ 1970 साली आलं, वाटी-चमच्याच्या मापानं अख्ख्या पिढीला स्वयंपाक शिकवून गेलं, किती मुलींच्या लग्नात ते आहेरात आलं. माप पुस्तकातून मिळतं. पण पीठ मुरलंय हे बोटाला कसं कळतं, आच किती मंद म्हणजे मंद, हे दाराच्या आतच कळतं, आणि दार बंद होतं. ती बाई गेली की घराण्याचा अनारसा गेला. मग आपण हळहळतो, तिच्या हाताची गोडी गातो आणि नागपूरला फोन लावतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की अनारसा आपण आपल्याच तोऱ्यानं घालवला. तो अवघड आहे याचं आपल्याला इतकं कौतुक, की तो कुणाला येऊच नये अशी व्यवस्था करून ठेवली. अरसा काही फार सोपा नाही, पण तो चार जणींशिवाय होत नाही, म्हणून चार जणींना येतो. त्यातली एक आजारी पडली, एकीची बदली झाली, तरी दोघी उरतात. रेल्वेच्या गावात, जिथे बदलीचा कागद कधी येईल याचा नेम नसतो, तिथे कुठला पदार्थ टिकणार हे सांगायला पाकशास्त्री लागत नाही.

तरीही मी अनारशाच्या बाजूची आहे, आणि नुसती चवीसाठी नाही. अनारशात एक सोय आहे जी अरशात नाही, आणि ती आपण कधी वापरलीच नाही. पाक थांबत नाही, पीठ थांबतं. नीट घट्ट दाबून ठेवलेलं अनारशाचं पीठ महिनोनमहिने टिकतं, उलट मुरत जातं. म्हणजे हा पदार्थ मधोमध थांबवता येतो आणि अर्धा दुसऱ्याच्या हाती देता येतो. एका घरी तांदूळ भिजावेत, कुटले जावेत. दुसऱ्या घरी तळण व्हावं. अरशाला जी माणसं एका वेळी एका ओट्यापाशी लागतात, ती अनारशाला वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या दिवशी चालतात. ड्यूटीच्या वेळा सांभाळणाऱ्या वसाहतीला याहून सोयीचा गोड पदार्थ कुणी काढला नसता. आपण मात्र ते पीठ कुलूप लावल्यासारखं डब्यात ठेवलं आणि तळून झाल्यावर मोजून चार चार वाटले.

दिवाळीची भेट काय द्यावी, असं मला दर वर्षी विचारतात, आणि ड्रायफ्रूटच्या खोक्यांवर मी गेल्या दिवाळीत काय लिहिलं ते आठवत असेल तर या वर्षी विचारायची हिंमत होणार नाही. काजू त्या घरातून या घरात आणि या घरातून तिसऱ्या घरात फिरतात. कुणी फोडत नाही, कुणी खात नाही. सरकारनं 22 सप्टेंबर 2025 पासून पाकीटबंद नमकीन आणि स्वयंपाकाची भांडी, दोन्हींवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आणला. रांग कुठल्या दुकानापुढे लागली ते तुम्ही बघितलंच असेल. मी भांड्यांकडे गेले. झाकण घट्ट बसणारे छोटे स्टीलचे डबे घेतले, आणि यंदा त्यांतून फराळ जाणार नाही, पीठ जाणार आहे. एक डबा दीदींकडे, एक आंटींकडे, एक अनारशांचा आग्रह धरणाऱ्या त्या गृहस्थांच्या सुनेकडे. बरोबर चिठ्ठी: खसखस वर, आच मंद, उलटू नका, पहिला हसला तर पिठात थोडी तांदळाची पिठी मिसळा.

यावर आक्षेप येणार मला माहीत आहे. अर्धवट काम भेट म्हणून द्यायचं? पाहुण्याला कामाला लावायचं? होय, लावायचं. जी भेट घेणाऱ्याला कढई ठेवायला लावते, ती पुढच्या वर्षी त्याला येते. तयार अनारसा खाल्ला की संपतो. दुसरा आक्षेप असा, की पीठ बाजारात पिशवीतून मिळतं, मग ही उठाठेव कशाला. मिळतं, आणि ज्यांना कुटायला वेळ नाही त्यांनी तेच आणावं. दुकानातलं पीठ आणून घरी चौघींनी तळलेला अनारसा मला नागपूरहून आलेल्या तयार अनारशापेक्षा जास्त मराठी वाटतो. तळताना दार मात्र उघडं ठेवा.

मंडळाला माझी सूचना साधी आहे. खोकी मागवा, चिवडा मागवा, हवं तर शेवही मागवा. अनारशांच्या जागी खोक्यात पिठाची पुडी ठेवा, आणि दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये दोन शेगड्या मांडा. एकीवर अनारसा, दुसरीवर अरसा. बैठकीत माना डोलावणाऱ्यांनी पहिल्या शेगडीपाशी उभं राहायचं आणि दीदींनी दुसऱ्या. नक्कल कोण करतंय ते भुग्यावरून कळेल.

यंदा, 2025 साली, लक्ष्मीपूजन आपल्या पंचांगानं 21 ऑक्टोबरला आहे. आज तांदूळ भिजवले तर त्या दिवशीच्या ताटात अनारसा येणार नाही, हे उघड आहे. तरी भिजवा. पुढच्या वर्षी, 2026 साली, 17 मेपासून 15 जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ आहे, आणि अधिकात जावयाला वाण द्यायचं ते 33 अनारशांचं. मागच्या अधिकात, 2023 च्या श्रावणात, ओळखीच्या कित्येक घरांनी 33 बत्ताशांवर भागवलं. या वेळी सात महिने हातात आहेत, आणि मुरलेलं पीठ तोवर टिकतं.