पोर बारीक नाही, पँट ढगळ आहे

माझा नातू पाच वर्षांचा झाला त्या सुमारास त्याला एका हातानं पळायची सवय लागली होती. दुसरा हात सदा कमरेवर. मला वाटलं, लकब असेल. पोरं कुणाकुणाची नक्कल करत असतात. मग शाळेतून निरोप आला : मुलगा खेळाच्या तासाला मागे राहतो, अंगात जोर कमी दिसतो, घरी खाण्याकडे लक्ष द्यावं. सुनेनं तो मला वाचून दाखवला तेव्हा तिचा आवाज नेहमीचा नव्हता. मी पोराला परसात नेलं आणि म्हटलं, "हात सोडून पळ बघू." तो म्हणाला, "आज्जी, पँट पडते की."

एवढंच होतं. जोर भरपूर होता, पँट कमरेला ठरत नव्हती.

पण तोवर दोन महिने माझ्या सुनेनं काय काय ऐकून घेतलं ते मी सांगते, कारण ऐकवणाऱ्यांत आपणच होतो. बस्तीतून दर्शन करून बाहेर पडतोय तर पायरीवरच, "काय ओ काकू, नातू खातबीत नाही काय?" विचारायचं मला, बघायचं सुनेकडे. लग्नाच्या पंगतीत एकीनं पोराची पँट मागून चिमटीत धरून ओढून दाखवली, "ह्यात अजून एक पोरगं मावेल बघा!" सगळ्या हसल्या. पोरगंही हसलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पंगतीला यायला नको म्हणायला लागलं. शेजारपाजारच्या वेगळ्या. "तुम्ही जैन माणसं. अंडं नाही, कांदा-बटाटा नाही, रात्रीचं जेवण नाही, पोरं भरणार कशी?" त्याला उत्तर द्यायचं सोडून आपल्याच बायका सुनेला गाठून बदाम किती भिजवायचे, तुपात खारीक कशी उकळायची ते शिकवू लागल्या. बाहेरचे म्हणतात धर्मामुळे बारीक, आतले म्हणतात आईमुळे बारीक. पँटीमुळे बारीक दिसतो, असं एकीच्याही तोंडून आलं नाही.

सून घाबरली. दोन वाटी भात खाणाऱ्या पोराच्या तोंडात तिसरी वाटी कोंबायला लागली. डब्यातली पावडर घातलेलं दूध दिवसाला तीनदा. पोरानं दोनदा ओकलं, मग जेवायला बसायचीच भीती घेतली. खाऊनपिऊन असलेलं पोर खाईना झालं, ते आम्ही त्याच्या मागे लागल्यावर.

शेवटी बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी उंची मोजली, वजन केलं, तक्त्यावर ठिपका ठेवला आणि म्हणाले, "काही झालेलं नाही, घरी जा." त्या तक्त्याकडे मी नीट बघून घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 साली ते तक्ते काढले. त्यासाठी सहा देशांतली मुलं मोजली, त्यांत आपल्या दिल्लीचीही होती. त्यावर एकच रेघ नसते, चांगला रुंद पट्टा असतो. पट्ट्याच्या वरच्या अंगाचं पोर निरोगी, खालच्या अंगाचंही निरोगी. शिवाय मूल पहिल्या वर्षी गुबगुबीत असतं, मग उंची वाढत जाते आणि अंग उतरत जातं. उंचीच्या मानानं माणूस जन्मात सगळ्यांत सडपातळ असतो तो साधारण पाच-सहा वर्षांचा असताना. पुढे परत अंग धरू लागतं. म्हणजे निसर्गानंच पोराला काटकुळं करायचं जे वय ठरवलंय, नेमक्या त्या वयात आपण त्याला पहिल्यांदा गणवेशाची पँट चढवतो आणि मग म्हणतो, अंगावर काही धरत नाही!

आता दुकानाकडे वळू.

रेडिमेड पँटीवर वय छापलेलं असतं. 5-6. माझ्या नातवाची कंबर 19 इंच, हातात आलेल्या पँटीची 22. तीन इंच म्हणजे माझी सबंध मूठ आत जाते. 3-4 ची आणली तर कमरेला बसली आणि पोटरीवर राहिली. पुराच्या पाण्यातून चालल्यासारखं पोरगं दिसतं. दुकानदार म्हणतो, "घ्या की वहिनी वाढत्या मापाची, पुढच्या वर्षी बसेल." बसत नाही. ह्या वयात पोर वर्षाला सहा-सात सेंटीमीटर उंच होतं आणि कंबर वाढते जेमतेम बोटभर. पुढच्या वर्षी ती पँट लांबीला तोकडी झालेली असते आणि कमरेला ढगळ ती ढगळच. कारखान्यात कापडाच्या थप्प्या एकावर एक रचून एका फटक्यात कापतात. लांबी वाढवली की घेरही त्याच प्रमाणात वाढवतात. एका उंचीला दोन कंबरा ठेवायच्या म्हणजे दुप्पट माल भरून ठेवायचा. ते कुणाला नको. म्हणून एकच कंबर, आणि तीही मोठ्या अंगाची, कारण मोठी पँट बारीक पोराच्या गळ्यात मारता येते, लहान पँट जाड्या पोराला चढतच नाही. हा हिशेब मला कळतो. पण त्या हिशेबाची शिक्षा पोरानं आणि आईनं का भोगायची?

आणि ते 'स्लिम फिट' लिहिलेलं असतं ना, त्याला भुलू नका. ते पायाला अरुंद असतं. कमरेला तेच.

आमच्या लहानपणी शहापुरात घरोघर मापाचं शिवणं चालायचं. श्रीमंती म्हणून नव्हे. तयार मिळतच नव्हतं. पोरग्यांच्या चड्ड्यांना गॅलिस असायचे, मागे फुली करून पुढे बटणाला अडकवलेले. गॅलिस लावलेल्या चड्डीला कमरेची गरजच नसते, ती खांद्यावर लटकते. घरात लेंगा-विजारीला नेफा आणि नाडी. कमरेला काळा करदोडा होताच, घसरलेली चड्डी त्यात खोचून पोरं दिवसभर उंडारायची. शिंपी शिवणीत दोन्हीकडे माया ठेवायचा. शिवणीतल्या जादा कापडाला आपल्या भाषेत माया म्हणतात, हे लक्षात घ्या बायांनो. अंग भरलं की टीप उसवायची, माया सोडायची. पाय लांबले की मोहरीची दुमड उलगडायची. एक चड्डी तीन वर्षं पोराबरोबर वाढायची. आजच्या पँटीची शिवण उलटून बघा, करंगळीच्या नखाएवढीही माया नसते.

तेव्हाचं सगळं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. शिंपी दिवाळीला कबूल केलेले कपडे तुळशीच्या लग्नाला द्यायचा.

मग उपाय म्हणून लोक काय सांगतात? पट्टा लावा. पाच वर्षांच्या पोराला घाईच्या वेळी पट्टा सोडता येतो का? माझ्या नातवाला आला नाही. शाळेत व्हायचं ते झालं, पिशवीत ओली पँट आली, वर बाईंचा शेरा, की ह्या वयात सवय लागायला हवी. त्याला सवय होती, पट्ट्याची नव्हती. नाडीचं तेच, गाठ बसली की संपलं. सबंध इलॅस्टिक घट्ट केलं तर पोटावर लाल वळ उठतात आणि कापडाच्या चुण्या पडून मागे फुगा होतो. मागच्या मधल्या शिवणीतून आत घेता येतं, इंचभर, फार तर दीड. त्यापुढे गेलात की मागचे दोन खिसे एकमेकांना भेटायला येतात आणि बैठक बिघडते.

खरा उपाय फार लहान आहे. कमरपट्टीच्या आतून, पाठीमागच्या भागातून, बोटभर रुंदीचं इलॅस्टिक ओवायचं, त्याला अंतराअंतरावर काजं करायची, आणि दोन्ही कुशींना आतल्या बाजूला एकेक चपटं बटण. असं काजांचं इलॅस्टिक तयारही मिळतं. आई सकाळी हवं त्या काजात बटण अडकवते, पोराला फक्त पँट खाली-वर ओढायची. काही रेडिमेड पँटींना ते येतं, बहुधा महागातल्या. आमच्या शाळेच्या गणवेशाला, जो एकाच ठरलेल्या दुकानातून घ्यावा लागतो, तो नाही. मी गल्लीतल्या बाईकडून तीन पँटींना बसवून घेतलं. अर्धा दिवस लागला तिला.

ह्यावर कुणी म्हणेल, देशात एवढे प्रश्न आणि ही बाई पँट घेऊन बसली. तर ऐका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 21 मध्ये, पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांत 19 मुलं उंचीच्या मानानं फार कमी वजनाची निघाली. त्यातली कितीतरी खरंच उपाशी आहेत, आणि त्यांना आधी अन्न पाहिजे, इलॅस्टिक नंतर. माझ्या नातवाची आणि त्यांची मी बरोबरी करत नाही. पण ज्या देशात इतकी मुलं बारीक, त्या देशातल्या दुकानांत बारीक कमरेची पँट नाही, हे कसलं माप? आपल्या लोकांची मापं घ्यायला सरकारनं 'इंडियासाइज' नावाचं सर्वेक्षण काढलं, निफ्ट संस्थेकडे दिलं, सहा शहरांतली 25 हजार माणसं मोजायची ठरवली. वय 15 ते 65. पंधराच्या खालचा भारत बहुतेक उघडाच फिरतो! युरोपात निदान लहान मुलांच्या कपड्यांवर उंची सेंटीमीटरमध्ये छापतात, 104, 110, 116. आपल्याकडे वय, ते आईनं खरं सांगितलं तर.

आणि आता घरातल्याच माणसांना. आपल्यातले किती जण कापडाच्या पेढीवर बसतात, खडेबाजारापासून गणपत गल्लीपर्यंत, हे मी सांगायला नको. गल्ल्यावर बसणारे आपले, माल मागवणारे आपले, पर्युषणात दहा दिवस दुकान लवकर बंद करून प्रवचनाला येणारेही आपले. तिथे उत्तम क्षमेपासून अपरिग्रहापर्यंत सगळं ऐकता. मग माझ्या सुनेच्या कपाटात न बसणाऱ्या अकरा पँटी साठल्या, तो परिग्रह कुणाच्या खात्यावर मांडायचा? एक नीट बसती तर दहा घ्याव्या लागल्या नसत्या. दहा उपवास करून कुणी अंगानं उतरलं तर आपण वाजतगाजत पारणं करतो, आणि पाच वर्षांचं पोर जन्मतः शिडशिडीत असलं तर त्याच्या आईला पायरीवर अडवतो. हे मला जमत नाही.

एवढं सगळं मी आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराला जाऊन बोलले. नात्यातला आहे, ऐकून घेतलं. म्हटलं, गणवेशाची ऑर्डर देताना एका उंचीला दोन कंबरा सांग, ते नाही जमलं तर काजांचं इलॅस्टिक तरी सांग, आणि शिवणीत अर्धा इंच माया. तो म्हणाला, "काकू, गिऱ्हाईक मागत नाही ओ."

तर मागा. दुकानात पोराला नेताना टेप घेऊन जा, कंबर सगळ्यांसमोर मोजा आणि इंचात सांगा, वयात सांगू नका. "खात नाही वाटतं" असं तो म्हणाला, तर पँट गल्ल्यावर ठेवून बाहेर या. मी मेमध्ये परत जाणार आहे. त्यानं "बघू" म्हटलंय. आपल्या व्यापाऱ्यांचं "बघू" म्हणजे काय ते मला चाळीस वर्षांच्या संसारात कळलंय, म्हणून ह्या खेपेला आणखी चौघीजणींना बरोबर नेते आहे, नातवंडांसकट.