तांबडा, पांढरा आणि मधली रेघ

मराठी साहित्य महामंडळ आणि भाषा संचालनालय येथील जबाबदार मंडळींस,



आमच्या कोल्हापुरात एका खानावळीच्या फलकावर 'तांबडा पांढरा रस्सा' असं रंगवलंय. पुण्याच्या पाहुण्यानं तो वाचून विचारलं, "एकाच वाटीत दोन रंग कसे?" आम्ही हसलो, पण चूक त्याची नव्हती. 'तांबडा-पांढरा' असं लिहिलं असतं, तर मधल्या रेघेनं 'आणि'चं काम केलं असतं.

महामंडळानं १९६२ साली लेखनाचे चौदा नियम केले, १९७२ मध्ये आणखी चार. गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ लिहायचा, हे त्यांत आहे. (२०१९ साली पंचगंगेनं तो जरा जास्तच दीर्घ केला.) या आडव्या रेघेसाठी मात्र अठरांत एकही नियम नाही. जोडायचं की तोडायचं यावर ऱ्हस्व-दीर्घही ठरतं: 'कविसंमेलन' जोडलं तर 'वि' ऱ्हस्व, तोडलं की 'कवी' दीर्घ. आता शेतांतून आखलेला 'शक्तिपीठ' महामार्गच घ्या. लोक सर्रास 'शक्तीपीठ' लिहितात, आणि कुणाचं शेत जाणार हे वाचणाऱ्याला बरोबर कळतं. जिथं अर्थाला धक्का लागत नाही तिथं नियम, आणि जिथं दोन वाट्यांची एक होते तिथं काहीच नाही!

इंग्रजीत २००७ साली 'शॉर्टर ऑक्सफर्ड' कोशानं सुमारे १६ हजार शब्दांमधली रेघ काढली. 'आइस-क्रीम'चे दोन सुटे शब्द झाले, 'बंबल-बी'चा एक जोडशब्द. लोक काय लिहितात ते आधी पाहिलं, मग कोश बदलला. आपणही तसंच करावं. कोल्हापूरची दैनिकं, बेळगावची साप्ताहिकं, चंद्रपूरच्या शाळांची हस्तलिखितं समोर घ्या आणि मोजा. 'आईवडील' कसेही लिहा, घरचेच आहेत. पण 'घरा समोर', 'कोल्हापूर ला' ही रूढी धरू नका; ती मोबाइलच्या कळफलकाची खोड आहे. बोलताना तिथं कुणी थांबत नाही.

त्या फलकाच्या पेंटरला मी रेघ घालायला सांगितलं होतं. ब्रश डब्यात बुडवत तो म्हणाला, "घालतो की. पण कुठल्या नियमात हाय, तेवढं दावा."

दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. फलक अजून तसाच आहे.

आपला,
एक मुद्रितशोधक, कोल्हापूर