निकाह हा इलाज नाही

मुलाचा मुलावर किंवा मुलीचा मुलीवर जीव जडलाय हे कळलं, की आपल्या मालवणीतल्या घरांत तीन कामं होतात. आधी मोबाईल काढून घेतात. मग आमिलाकडे नेऊन ताविज बांधतात. त्यानेही भागलं नाही, की गावाकडचं स्थळ बघून निकाह उरकतात. माझं भांडण मुख्यतः या तिसऱ्या कामाशी आहे.

पण त्याआधी ते ठरलेलं वाक्य, ‘हे आपल्यातलं नाही, बाहेरून आलंय.’ डिसेंबर १९९८ मध्ये आपल्या शेजारच्या गोरेगावातही हेच ऐकू आलं होतं. दोन जावांच्या प्रेमावरचा ‘फायर’ तिथल्या सिनेमॅक्समध्ये चालू होता, शिवसेनेच्या महिला आघाडीने थिएटर फोडलं. बाळासाहेब ठाकरे म्हणाले, नायिकांना मुसलमान नावं द्या, मग आमची हरकत नाही. म्हणजे त्यांच्या मते हे आपल्यात होतं, आणि आपल्या मते हे अमेरिकेत होतं. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या दारात ढकलायचं!

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला हे ढकलणं जमत नाही. रेख्ती कुणी लंडनहून आणली नाही. ती आपल्याच रंगीन आणि इन्शाने लिहिली, आणि तिच्यात बाईचा बाईवर जीव आहे. बाहेरून आलं ते कलम ३७७, इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतलं. दिल्ली हायकोर्टाने २००९ साली त्या कलमाची नखं काढली. तेव्हा त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात कोण गेलं? ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, चर्चच्या संघटना आणि क्रांतिकारी मनुवादी मोर्चा. एरवी एका सतरंजीवर न बसणारे हे सगळे इंग्रजाचा कायदा वाचवायला एकाच बाजूला उभे होते. डिसेंबर २०१३ मध्ये ते जिंकले. सप्टेंबर २०१८ मध्ये कलमाचा तो भाग गेला.

कुणी म्हणेल, कोर्टाचं कोर्टापाशी, आमच्याकडे शरियत आहे. बरं. गुनाह आहे की नाही, हा वाद आलिमांनी घालावा, मी फतवा द्यायला बसलेली नाही. पण शरियतच्या नावाने आपण जे करतो, ते तरी शरियतमध्ये बसतं का?

पोरांचे मोबाईल उचकणाऱ्यांनी सूरह हुजुरातची बारावी आयत वाचावी. दुसऱ्याची टेहळणी करायला तिथे मनाई आहे. ‘बरं करून द्या’ म्हणून डॉक्टरकडे नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, की असे उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलंय.

आता निकाह. तो ईजाब-कबूलवर उभा असतो. खन्सा बिन्त खिदाम या एकदा लग्न होऊन गेलेल्या बाईचा निकाह बापाने तिच्या मर्जीविरुद्ध लावला, तेव्हा पैगंबरांनी तो रद्द केला. ही हदीस सहीह बुखारीत आहे. मग ‘अम्मी विष घेईल’ अशी धमकी देऊन वदवून घेतलेलं ‘कबूल है’ कुणाचं?

आणि जी सून म्हणून येते तिचं काय? तिला कुणी काही सांगितलेलं नसतं. मालातली गोष्ट लपवून विकणं हराम, हे मदरशातलं लहान पोरही सांगेल. इथे आपण अख्खा माणूस लपवून सौदा करतो. नवरा जवळ येत नाही, मूल होत नाही, बोल तिलाच लागतात. खुला मागायला दारुल कझाच्या पायऱ्याही तिनेच चढायच्या, आणि बदनामीही तिचीच. आपल्या पोराची इज्जत झाकायला दुसऱ्याच्या पोरीची जिंदगी अंथरायची, याला कुठला दीन म्हणायचं?

केरळात आदिला नसरीन आणि फातिमा नूरा या दोन मुसलमान मुलींची ओळख सौदीत शाळेत असताना झाली. घरच्यांनी नूराला ओढून नेलं, तेव्हा आदिला हायकोर्टात गेली. ३१ मे २०२२ रोजी कोर्टाने दोघींना विचारलं, एकत्र राहायचंय का? हो म्हणाल्या. दोघी सज्ञान होत्या, कोर्टाने जाऊ दिलं. मर्जी विचारायची रीत आपल्या घरातली, आणि ती पाळावी लागली हायकोर्टाला.

समाजाने टाळ्या वाजवाव्यात अशी माझी मागणी नाही. कोंडू नका, मारू नका, आणि जबरदस्तीने निकाह लावू नका, एवढंच. निकाहाआधी वकील आणि दोन गवाह मुलीची मर्जी विचारायला जातात, तेव्हा खोलीत खाला, फुफी, चाची सगळ्या बसलेल्या असतात. मुलाला तर भर मजलिसीतच विचारतात. काझीसाहेबांनी दोघांनाही आधी, एकेकट्याला, आई-बापांना बाहेर ठेवून विचारावं. नाही म्हणाले तर रजिस्टर बंद करून उठावं. मांडव पडला असेल, बिर्याणीची डेग चढली असेल, तरीही.