विश्लेषण : ऑनलाइन शेकडो नंबर मिळतात, मग बाळाला सांभाळायला मावशी का मिळत नाहीत?

'बोरिवली पश्चिम. दीड वर्षाचा मुलगा. सकाळी ८ ते रात्री ८. अनुभवी, प्रेमळ ताई हव्यात. थोडंफार घरकाम.' अशी पोस्ट तुम्ही फेसबुकवरच्या एखाद्या ग्रुपमध्ये किंवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिली असेल. कदाचित स्वतः टाकलीही असेल. खाली कमेंट येतात. काही 'आम्हालाही हवी आहे, मिळाली तर सांगा' अशा, बाकीच्या एजन्सींच्या.

दुसरीकडे नालासोपारा, दिवा, भांडुप इथे काम शोधणाऱ्या बायका आहेत. घरांना मावशी हव्यात, मावशींना काम हवंय, आणि दोघांच्याही घरी मोबाइल आहे. तरीही गाठ का पडत नाही?

नकाशावर जवळ, लोकलने लांब

लिस्टिंग साइटवर बऱ्याचदा अंतराचा फिल्टर असतो. समजा तुम्ही '१५ किलोमीटरच्या आत' निवडलंत. बोरिवली आणि मुलुंड स्टेशनांमधलं सरळ रेषेतलं अंतर साधारण १२ किलोमीटर, म्हणजे मुलुंडच्या ताई यादीत येणार. पण मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. लोकलने यायचं तर दादरपर्यंत खाली जायचं, गाडी बदलायची आणि पुन्हा वर यायचं. नाहीतर घाटकोपरहून २०१४ मध्ये सुरू झालेली मेट्रो पकडून अंधेरी आणि तिथून पुन्हा लोकल. रोज हे कोण करणार?

उलट नालासोपाऱ्याहून अंधेरीला एका गाडीत येता येतं. पण अंतर ३० किलोमीटरच्या वर, म्हणून फिल्टर ते नाव दाखवतच नाही. कुठल्या लाइनवर राहता आणि कितीची गाडी मिळते, हे विचारणारा रकाना नसतो. मुंबईत कामाचं गणित मात्र तिथूनच सुरू होतं.

तो नंबर नक्की कोणाचा?

यादीतल्या नंबरवर फोन लावला की बऱ्याचदा एजन्सीचा माणूस उचलतो. 'त्या मॅडम कालच लागल्या, दुसऱ्या पाठवतो.' एखाद्या साइटवर चौकशीचा फॉर्म भरलात तर तुमचाच नंबर चार एजन्सींकडे जातो. अनेक एजन्सी एका पगाराएवढं कमिशन घेतात आणि वर्षभरात दोन-तीन वेळा 'रिप्लेसमेंट' द्यायचं कबूल करतात. हा शब्द आपण मिक्सरसाठी वापरतो तितक्याच सहज वापरतो. नवा चेहरा आला की रात्रभर रडणाऱ्या बाळाला मात्र तो कळत नाही.

लागलेलं काम किंवा शिळी जाहिरात यादीतून काढली जात नाही, कारण यादी लांब दिसली तरच लोक नंबर बघायला पैसे भरतात. अमेरिकेत हे प्रकरण सरकारपर्यंत गेलं. केअर डॉट कॉम ही तिथली या क्षेत्रातली मोठी कंपनी. उपलब्ध कामांचा आकडा फुगवल्याचा आणि सदस्यत्व रद्द करणं मुद्दाम अवघड ठेवल्याचा आरोप तिच्यावर फेडरल ट्रेड कमिशनने केला. पैसे न भरलेल्या, म्हणजे अर्जदाराशी संपर्कच करू न शकणाऱ्या कुटुंबांची कामंही मोजली जात होती, असं आयोगाचं म्हणणं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने ८५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

'व्हेरिफाइड' म्हणजे काय तपासलं?

आधार कार्डावरून ओळख पटते. पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीतून गुन्ह्याची नोंद आहे का ते कळतं. पण जेवणाला नको म्हणणाऱ्या मुलाशी ही व्यक्ती कशी वागेल, याचं उत्तर कुठल्याच कागदात नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात १० महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण समोर आली ती पालकांना तिच्या अंगावर खुणा दिसल्या आणि मग सीसीटीव्ही तपासला गेला म्हणून.

म्हणूनच आजही वॉचमन, भाजीवाली किंवा स्वयंपाकाच्या मावशी 'आमच्याच चाळीतली आहे' म्हणतात, त्याला हिरव्या टिकपेक्षा जास्त वजन आहे. काही बिनसलं तर सांगणाऱ्याला उद्या त्याच गेटवर तुम्हाला तोंड दाखवायचं असतं.

आणि पडताळणी होते ती फक्त एका बाजूची. घरात कोण कोण असतं, कॅमेरे कुठे आहेत, आधीच्या ताई का गेल्या, पगार वेळेवर मिळतो का, हे मावशींना कुठे दिसतं? स्टार देणार तुम्ही. नंबर सार्वजनिक झाल्यावर रात्री येणारे भलतेच फोन घेणार त्या. 'थोडंफार घरकाम' म्हणजे किती, हे तर पहिल्या दिवशी भांड्यांचा ढीग बघूनच कळतं.

मग १५ मिनिटांवाली अ‍ॅप्स?

अर्बन कंपनीने मार्च २०२५ मध्ये मुंबईत १५ मिनिटांत मदतनीस देणारी सेवा आणली. आधी नाव होतं 'इन्स्टा मेड्स', टीका झाल्यावर ते 'इन्स्टा हेल्प' झालं. घोषणेत होती भांडी, फरशी, स्वयंपाकाची तयारी. ते साहजिक आहे. भांडी आज एकीने घासली, उद्या दुसरीने, काही बिघडत नाही. बाळाला रोज तोच हात लागतो.

सरकारी व्यवस्था कुठे आहे?

२०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. छोट्या ऑफिसांना ते लागू नाही. आणि ऑफिसात पाळणाघर असलं तरी सहा महिन्यांचं बाळ घेऊन ८.४० च्या चर्चगेट फास्टमध्ये चढून दाखवा! राष्ट्रीय पाळणाघर योजनेत महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास अशी वेळ होती. घाटकोपरहून नरिमन पॉइंटला जाणाऱ्या आईचे जाऊन-येऊन अकरा तास होतात.

मावशींच्या बाजूने महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. पण घरकामगारांसाठी देशपातळीवर स्वतंत्र कायदा नसल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ च्या निकालात बोट ठेवलं आणि तो करता येईल का हे तपासायला समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले. दुसऱ्याचं मूल १२ तास सांभाळणाऱ्या बाईचं स्वतःचं मूल तेवढा वेळ कोणाकडे असतं, हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नाही.

तोवर पोस्ट टाकायचीच असेल तर स्टेशन, पूर्व की पश्चिम, पगार आणि साप्ताहिक सुट्टी लिहा. 'थोडंफार' खोडून नेमकी कामं लिहा. आधीच्या दोन घरांशी फोनवर बोला आणि त्यांनाही तुमच्या आधीच्या ताईंचा नंबर द्या, अर्थात ताईंना विचारून. पहिला आठवडा घरातलं कोणीतरी सोबत राहा. त्या आठवड्याचे पैसे पूर्ण द्या, जमलं नाही तरीही.