समर्थांचे वाचक आणि समीक्षेचे सोवळे

मराठी समीक्षेला वाचक नको असतो असे नाही. तिला आपल्या पसंतीचा वाचक हवा असतो. ‘सहृदय’, ‘जाणकार’, ‘अभिरुचिसंपन्न’ ही त्या पसंतीची नावे. नारायण धारपांच्या (1925–2008) भयकथा आणि विज्ञानकथा गेली पाच-सहा दशके हातोहात फिरवणारा, ‘समर्थ’ ह्या नायकाच्या कथांची जुळवाजुळव करणारा, रद्दीच्या दुकानातून ‘नवल’ आणि ‘धनंजय’चे जुने दिवाळी अंक उचलून आणणारा वाचक ह्या नावांत बसत नाही. त्याच्यासाठी समीक्षेने ‘रंजनाचा ग्राहक’ हा एक शब्द राखून ठेवला आहे. हा शब्द वर्णनाचा नसून चौकशी टाळण्याचा आहे, आणि तो टाकून देण्याची वेळ आलेली आहे.

ह्या टाळाटाळीमागे तीन आक्षेप उभे केले जातात. हे साहित्य उसने आहे; ते केवळ भीती चेतवते, म्हणून रसदृष्ट्या हीन आहे; आणि ते अंधश्रद्धा पोसते. तिन्ही आक्षेप वजनदार आहेत. परंतु ज्यांच्या तोंडी ते असतात त्यांनी एकही कादंबरी समोर ठेवून ते तपासण्याचा खटाटोप सहसा केलेला नसतो. न वाचता दिलेला निकाल कितीही उदात्त असला तरी त्याला समीक्षा म्हणता येत नाही.

पहिला आक्षेप उसनवारीचा. ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ (1975) आहे, ‘शपथ’मागे त्याचीच ‘इट’ (1986) आहे, हे विद्यापीठीय संशोधनाची वाट न पाहता धारपांच्या वाचकांनीच ओळखले आणि एकमेकांना सांगितले. म्हणजे तौलनिक साहित्याभ्यासाचे प्राथमिक काम ज्यांना आपण ‘ग्राहक’ म्हणतो त्यांनी केले. त्यांनी ते केल्यावरही त्यांचे प्रेम ओसरले नाही. प्रश्न इथे सुरू होतो. समीक्षा मात्र इथे संपते.

मराठी वाङ्मयाचा इतिहास उसनवारीला नेहमीच असा कठोर राहिलेला नाही. आगरकरांचे ‘विकारविलसित’ (1883) आणि देवलांचे ‘झुंझारराव’ (1890) अनुक्रमे ‘हॅम्लेट’ आणि ‘ऑथेल्लो’वरून आले, आणि त्यांना अभ्यासक्रमात ‘रूपांतर’ ह्या सन्माननीय सदराखाली जागा मिळाली. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे भाषांतर ‘केरळ कोकिळ’ मासिकातून 1900च्या सुमारास आले, आणि मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगताना तिथून सुरुवात करण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. शेक्सपिअर आणला तर रूपांतर, किंग आणला तर उचलेगिरी: ह्या भेदाला मूळ लेखकाच्या प्रतिष्ठेखेरीज दुसरा आधार काय? ऋणनिर्देशाचा आधार असेल तर तो खराच आधार आहे. मग कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या आवृत्तीत मूळ कृतीचा उल्लेख आहे आणि कोणत्यात नाही, ह्याची नोंद करावी लागेल. त्यासाठी ही पुस्तके ग्रंथालयात असावी लागतील आणि कोणीतरी ती उघडावी लागतील.

ती उघडल्यावर अधिक महत्त्वाची गोष्ट दिसू शकेल. किंगची ‘सेलम्स लॉट’ स्वतःच ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ (1897) वरून, कार्पेथियन पर्वतातील उमरावाला अमेरिकेतील लहान गावात आणून उभी राहिली. तोच रक्तपिपासू जीव मराठी गावात आला की त्याला वेगळे दार ठोठवावे लागते. रोमन कॅथलिक क्रूस आणि पवित्र जल ज्या संस्कृतीत घरोघरी नाहीत, तिथे त्याला अडवायचे कशाने? पडका वाडा, माजघर, देवघर, गावाबाहेरचे तळे, सुट्टीत आलेला शहरी पुतण्या ह्या सामग्रीतून भय नव्याने रचावे लागते. हे रचणे कितपत साधले आहे, कुठे केवळ नावे बदलली आहेत आणि कुठे अनुभवाची जात बदलली आहे, हा अस्सल समीक्षेचा प्रश्न आहे. यावल तालुक्यातील सांगवीत जन्मलेल्या भालचंद्र नेमाड्यांनी मांडलेला देशीवाद ज्या खानदेशात आवडीने चर्चिला जातो, त्या खानदेशातल्या अभ्यासकांनी तरी देशीकरणाची ही चाचणी हातची सोडू नये. परक्या भुताला मराठी होता येते काय, हा देशीवादापुढचा लहान प्रश्न नव्हे.

दुसरा आक्षेप रसाचा. भय ही खालच्या दर्जाची भावना, ती शरीराला शहारा आणते आणि संपते, अशी ही समजूत आहे. ती बाळगणाऱ्यांनी पदव्युत्तर वर्गात शिकवले जाणारे साधारणीकरण पुन्हा पाहावे. रसप्रतीतीत भाव व्यक्तीच्या बंधनातून कसा सुटतो हे सांगताना अभिनवगुप्ताने निवडलेले प्रसिद्ध उदाहरण कोणत्या रसाचे आहे? ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात रथापुढे जीव घेऊन धावणाऱ्या, मान वळवून मागे पाहणाऱ्या हरणाच्या भयाचे. ते भय ना हरणाचे एकट्याचे, ना प्रेक्षकाचे एकट्याचे. स्थळकाळाच्या मर्यादेतून सुटलेले, चाखता येण्याजोगे भय. भारतीय साहित्यविचारातल्या सर्वांत सूक्ष्म सिद्धांतांपैकी एक ज्या रसाच्या खांद्यावर उभा आहे, त्या रसाला वाहिलेल्या आधुनिक गद्याकडे पाहताना मात्र नाक मुरडायचे, ह्या विसंगतीचे समर्थन होऊ शकत नाही.

पाश्चात्त्य सिद्धांतनाची ढालही इथे पुरत नाही. डार्को सुविन ह्याने 1979 साली विज्ञानकथेची व्याख्या बोधयुक्त अपरिचितीकरण अशी केली आणि भुताखेतांच्या कथेला तिच्या कुंपणाबाहेर ठेवले. मराठीने हे कुंपण फार लौकर पवित्र मानले. विज्ञानकथा ही लोकशिक्षणाची, भयकथा ही करमणुकीची, अशी वाटणी झाली. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 1974 साली ‘नारायण विनायक जगताप’ ह्या टोपणनावाने पाठवलेल्या ‘कृष्णविवर’ कथेपासून 2021च्या नाशिक साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत जयंत नारळीकरांचा प्रवास झाला. विज्ञानकथेला हे स्थान मिळाले हे योग्यच झाले. परंतु ‘नेनचिम’ आणि ‘पारंब्यांचे जग’ लिहिणाऱ्या लेखकानेच ‘चेटकीण’ही लिहिली. ह्या दोन्ही टोकांना एकच वाचक एकाच ओढीने वाचत राहिला, ही वस्तुस्थिती ह्या वाटणीला छेद देते. समर्थकथेतील संकट पुष्कळदा नुसते भूत नसते. त्याला नियम असतात, त्याची कारणे शोधली जातात, त्याच्यावरचा उपाय पायरीपायरीने सिद्ध केला जातो. तोदोरोवने अद्भुताच्या मुळाशी मानलेला वास्तव-अवास्तवातला संदेह ह्या कथा फार काळ टिकवत नाहीत; त्या अतींद्रियालाच एक शिस्त देतात. विज्ञानाची पद्धत आणि मंत्राचा आशय ह्यांची ही जोडणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या शिक्षित मराठी मनाबद्दल काय सांगते, हे विचारणे म्हणजे रंजनाला शरण जाणे नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि इथे चाहत्यांचीही सुटका नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, धुळे-नंदुरबार-जळगावच्या आदिवासी पट्ट्यात ‘डाकीण’ हा शब्द कथेतला नाही. तो ठरवून बायकांच्या कपाळी मारला गेला आहे, आणि त्यापायी त्यांना मारहाण, बहिष्कार आणि मृत्यू सोसावा लागला आहे. नरेंद्र दाभोलकरांची हत्या 20 ऑगस्ट 2013 रोजी झाली. त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात प्रत्यक्षात आला. ह्या पार्श्वभूमीवर चेटकिणीची कथा निरागस असल्याचे सोंग कोणालाच आणता येणार नाही. ह्या कथाविश्वात दुष्ट शक्तीला बाईचे रूप किती वेळा मिळते? तारणहार बहुधा संयमी, सुशिक्षित, मध्यमवर्गीय पुरुषच का असतो? पीडिताला स्वतःची सुटका स्वतः करता येते, की समर्थांची वाटच पाहावी लागते? निष्ठावंत चाहत्याला हे प्रश्न रुचत नाहीत. लहानपणीच्या रात्री आठवून तो गहिवरतो, ‘मराठीतला स्टीफन किंग’ हे बिरुद अभिमानाने मिरवतो, आणि हे बिरुद आपल्या लेखकाला कायमचा दुय्यम ठरवते हे त्याच्या लक्षातही येत नाही. भक्तीतून आलेली ही स्तुती तिरस्कारातून आलेल्या मौनाइतकीच वाचनाला मारक आहे.

तथापि अंधश्रद्धेचा आक्षेप घेणाऱ्यांनी एक भेद पाळला पाहिजे. डाकीण ठरवणारा जमाव संशयाला कथा म्हणत नाही, पुरावा म्हणतो. भयकथेचा वाचक पुस्तक मिटतो, दिवा लावतो आणि पुढचे पुस्तक मागतो. भय हे रचलेले आहे, हा करार त्याला ठाऊक असतो. हा करार कोणत्या संहितेत पक्का आहे आणि कोणत्या संहितेत लेखक तो मोडून वाचकाकडून श्रद्धा मागतो, हे एकेका कथेच्या वाचनातूनच ठरेल. सरसकट बंदीची भाषा बोलणारा विवेकवाद आणि सरसकट माफी देणारी रसिकता, दोघेही हे कष्ट चुकवतात.

चाहता प्रत्यक्षात काय करतो, ह्याचे एक नोंदलेले उदाहरण आहे. राही अनिल बर्वे ह्यांनी ‘तुंबाड’ (2018) ह्या हिंदी चित्रपटाचे बीज सांगताना 1993 साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने ऐकवलेल्या धारपांच्या ‘आजी’ कथेचा उल्लेख केला आहे. त्या कथेमागे किंगची ‘ग्रॅमा’ (1984) आहे, आणि चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ (1987) कडून आले. अमेरिकन छापील कथा, तिचे मराठी रूप, रानातले मौखिक कथन आणि अखेर एक स्वतंत्र चित्रकृती: ह्या साखळीत निर्णायक दुवा लेखकाचा नाही, समीक्षकाचा तर नाहीच. तो एका वाचकाचा आहे, ज्याने पुस्तक हातात नसताना कथा सांगितली. सप्टेंबर 2024 मध्ये हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक उत्पन्न मिळवले. हेन्री जेन्किन्सने 1992 साली दूरचित्रवाणी मालिकांच्या चाहत्यांना संहितेच्या रानात शिरणारे चोरटे शिकारी म्हटले. मराठी चाहता त्याहून जुन्या जातीचा आहे. तो कथेकरी आहे. अहिराणीत मुंजा-हडळीच्या गोष्टी रात्री सांगणाऱ्या आजीचा तो वारस आहे, फक्त त्याची गोष्ट छापखान्यातून आलेली आहे. लोकसाहित्य म्हणून आजीची गोष्ट संकलित करायची, तिच्यावर प्रबंध लिहायचा, आणि नातवाची गोष्ट ‘बाजारू’ म्हणून सोडून द्यायची, ह्यात कोणता न्याय आहे?

ह्या उपेक्षेची किंमत ठोस आहे. सार्वजनिक ग्रंथालयात सर्वांत जास्त हाताळलेले पुस्तक सर्वांत आधी फाटते आणि निर्लेखनाच्या यादीत सर्वांत आधी जाते. समीक्षेने ज्याला नाव दिले ते पुन्हा विकत घेतले जाते. ज्याला दिले नाही ते रद्दीत जाते. औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) साकेत प्रकाशनाने धारपांची पुस्तके पुन्हा छापली म्हणून ती वाचायला तरी मिळतात. परंतु पहिल्या आवृत्त्या आणि दिवाळी अंकांतील मूळ पाठ ह्यांशिवाय पाठचिकित्सा होत नाही, आणि ते आज बव्हंशी खाजगी संग्रहांत, चाहत्यांच्या लोखंडी कपाटांत आहेत.

जळगावात 1877 पासूनचे जिल्हा वाचनालय आहे, 1990 पासून विद्यापीठ आहे. धुळ्यात 1927 पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे. जुने कागद जपण्याचे आणि वाचण्याचे भान ह्या प्रदेशाला नवे नाही. त्या भानाची कक्षा एवढीच वाढवायची आहे की, देवघेवीच्या नोंदवह्या, शाई उडालेल्या तारीखपट्ट्या आणि समासात पेन्सिलीने लिहिलेले ‘रात्री वाचू नये’ हेही वाङ्मयेतिहासाचे साधन मानले जावे. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने समर्थकथांची प्रथमप्रकाशनानुसार सूची केली, दुसऱ्याने एका कादंबरीचा मूळ इंग्रजी कृतीशी प्रकरणवार ताळा घेतला, तिसऱ्याने चेटकिणीचे चित्रण स्त्रीवादी दृष्टीने तपासले, तर वरील तिन्ही आक्षेपांना पहिल्यांदाच पुरावा लाभेल. तो धारपांच्या विरुद्ध गेला तरी हरकत नाही. विरुद्ध निकाल वाचून दिलेला असतो, आणि ह्या लेखकाला मराठी समीक्षेने आजवर तेवढाही मान दिलेला नाही.