खेळणाऱ्यांच्या रचना कोणाच्या फडताळात?

व्हिडिओ गेम हा विषय आपल्या जुन्या घरांतून अजून तक्रारीच्या सुरातच निघतो. मुलांचे डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, हे सर्व खरे असेल. परंतु या खेळांच्या पोटात गेली तीस वर्षे एक गोष्ट चालू आहे, तिच्याकडे वडीलधाऱ्यांचे लक्ष गेलेले नाही. खेळणारा नुसता खेळत नाही. तो खेळात भर घालतो. नवा मजला रचतो, नवी इमारत घडवतो, पात्रांना नवा पोशाख चढवतो, आणि बहुधा एक पैही न घेता ते इतरांस देऊन टाकतो. ही भर ठेवायची कोठे आणि वाटायची कोणी, हा प्रश्न मला संगीताच्या शिक्षकाला परका वाटत नाही.

१९९३ च्या डिसेंबरात अमेरिकेतील आयडी सॉफ्टवेअर या लहानशा कंपनीने ‘डूम’ हा खेळ काढला. त्यांनी खेळ चालवणारे यंत्र एकीकडे ठेवले, आणि नकाशे, चित्रे, आवाज हे सारे ‘वॅड’ नावाच्या वेगळ्या फाइलीत बांधले. त्यामुळे मूळ खेळाला हात न लावता कोणालाही आपला नकाशा रचून दुसऱ्याच्या हाती देता येऊ लागला. या फाइली ‘आयडीगेम्स’ नावाच्या सार्वजनिक संग्रहात जमत गेल्या, आणि त्या संग्रहाच्या हुबेहूब प्रती ठिकठिकाणच्या संगणकांवर राहिल्या. मूळचा संगणक गेला, संग्रह राहिला. आजही नव्वदीच्या दशकातला नकाशा काढून खेळता येतो. त्या संग्रहातील एक रीत मला फार आवडली. प्रत्येक रचनेसोबत साध्या अक्षरांची एक चिठ्ठी असते. रचणाऱ्याचे नाव, कोणत्या साधनाने रचले, किती काळ लागला, कोणाकडून काय घेतले, आणि पुढे दुसऱ्याने त्यावर काम करावे की न करावे, हे सर्व तीत लिहिलेले असते. आमच्या क्षेत्रात इतका प्रामाणिकपणा कधी होता, असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

पुढे दुकानदार आले. व्हॉल्व्ह कंपनीने २०११ च्या ऑक्टोबरात आपल्या ‘स्टीम’ या दुकानात ‘वर्कशॉप’ उघडले. सोय अशी की एक बटण दाबावे, रचना आपोआप उतरते आणि आपोआप नवी होत राहते. या सोयीला नाक मुरडणे ढोंगीपणाचे होईल. लक्षावधी लोकांना तिच्यामुळेच या रचना मिळाल्या. परंतु तोच खेळ दुसऱ्या दुकानातून घेणाऱ्याला हे दार सामान्यतः बंद असते. २०१५ साली आलेल्या ‘सिटीज : स्कायलाइन्स’ या नगररचनेच्या खेळात हेच झाले. २०२३ मध्ये त्याचा दुसरा भाग आला, तेव्हा पॅराडॉक्स या प्रकाशकाने वर्कशॉप सोडून स्वतःचे ‘पॅराडॉक्स मॉड्स’ हे ठिकाण पुढे केले. कारण असे सांगितले की सर्व दुकानांच्या आणि सर्व यंत्रांच्या खेळाडूंना एकच दार असावे. कारण वाजवी आहे. पण किल्ली मात्र एका कंबरेची दुसऱ्या कंबरेला गेली, एवढाच फरक.

किल्ली एकाच कंबरेला असली म्हणजे काय होते, याची उदाहरणे ताजी आहेत. निन्तेंदोने २०१५ च्या सप्टेंबरात ‘सुपर मारिओ मेकर’ काढला. त्यात मजले रचणे हाच खेळ होता. २०२१ च्या मार्चअखेर नवे मजले पाठवणे बंद झाले, आणि ८ एप्रिल २०२४ रोजी त्या यंत्राची ऑनलाइन सेवाच थांबली. ज्याने जे आधी आपल्या यंत्रावर उतरवून घेतले, तेवढेच त्याच्याकडे उरले. दिवा मालवण्यापूर्वी खेळाडूंच्या एका मेळ्याने, कोणीही कधी पार न केलेले सर्व मजले पार करण्याचा सपाटा लावला होता. निदान एकदा तरी कोणी येऊन जावे, अशी ती भावना. सोनीच्या ‘लिटलबिगप्लॅनेट’ची कथा अधिक कटू आहे. २०२४ च्या जानेवारीत त्याच्या तिसऱ्या भागाचा सर्व्हर तात्पुरता म्हणून बंद केला, आणि एप्रिलमध्ये तो कायमचा बंद झाल्याचे जाहीर केले. आपली रचना नीट सांभाळून घ्यायला कोणाला सवड मिळाली नाही.

माझ्या वडिलांनी संस्थान विलीन होण्यापूर्वीच्या अखेरच्या वर्षांत, पोरवयातच, दरबारी गवयांच्या मागे तंबोरा धरला होता. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. ते सांगत की कित्येक चिजा गवयाबरोबर चितेवर गेल्या, कारण त्या एकाच कंठात होत्या. पंडित भातखंडे यांनी घराणेदार गवयांकडून चिजा मिळवून क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या, तेव्हा पुष्कळांना ते रुचले नव्हते. याच ग्वाल्हेरीत १९१८ साली माधव संगीत विद्यालय निघाले, आणि ती पुस्तकी स्वरलिपी आज आम्ही सर्वच शिकवतो. छापील चीज गायकीच्या मानाने कोरडी असते, हे मी वर्गात रोज पाहतो. पण कोरडी चीज भिजवता येते; गेलेली चीज कशाने भिजवणार?

माझा एक विद्यार्थी तबला बरा वाजवतो आणि फावल्या वेळात अशाच एका खेळात शहर रचतो. आपल्या जुन्या वाड्यांसारखी घरे त्याने त्यात उभी केली आहेत. मी विचारले, “याची प्रत तुझ्याजवळ आहे ना?” तो म्हणाला, “सर, ते कंपनीकडेच असतं की.” त्याला त्यात काही वावगे वाटले नाही, याचेच मला वाईट वाटले.

पैशाचा प्रश्नही येतोच. २०१५ च्या एप्रिलात व्हॉल्व्ह आणि बेथेस्डा यांनी ‘स्कायरिम’ खेळासाठीच्या रचना विकत देण्याचा प्रयोग केला. रचणाऱ्याला पंचवीस टक्के, दुकानाला तीस, मूळ खेळवाल्याला पंचेचाळीस. एवढा गदारोळ झाला की चार दिवसांत प्रयोग गुंडाळला. एका विकाऊ रचनेत दुसऱ्याचे काम वापरलेले होते, ती तर लगेच मागे घ्यावी लागली. मी पैशाच्या विरुद्ध नाही. शिकवणीची फी मीही घेतो. पण घडवणाऱ्याला चौथाई देणारा हिशेब कोणत्या मैफलीत चालेल?

आता दुसरी बाजू. ‘नेक्सस मॉड्स’ हे ठिकाण चाहत्यांच्या एका संकेतस्थळातून वाढलेले, त्याची मुळे २००१ मधली. २०२१ साली त्यांनी ठरवले की रचणाऱ्याने काढलेली फाइल यापुढे पूर्ण नष्ट होणार नाही, जपून ठेवली जाईल. कारण इतरांचे संच तिच्यावर उभे असतात. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी सुमारे महिन्याभरात आपले सामान घेऊन जावे. काही नामांकित रचनाकार खरोखरच गेले. एकदा दिलेली चीज परत मागता येत नाही, असे माझे मत आहे. शिष्याच्या गळ्यातून ती कोण काढणार? तरीही त्या रुसलेल्यांचा राग मला समजतो. दान दिल्यानंतर दानाची अट बदलली गेली. डूमच्या त्या चिठ्ठीत अट आधीच, आणि रचणाऱ्याच्याच हातची असे.

कंपन्यांचे म्हणणे असे की मुलांच्या खेळात अभद्र वा चोरीचा माल शिरू नये म्हणून पहारा लागतो. पहारा अवश्य ठेवावा, आपल्या दुकानाच्या दारावर. पण रचना फाइलीच्या रूपाने रचणाऱ्याच्या हाती राहिली पाहिजे. त्याने ती दोन-तीन ठिकाणी ठेवावी, आणि खेळाने ती कोठूनही उचलून चालवावी. घरच्या संगणकावर हे आजही साधते. दिवाणखान्यातल्या बंद यंत्रांत कंपनीच्या मर्जीवाचून काही चालत नाही. तेथे निदान सर्व्हर मालवण्यापूर्वी वर्षभराची सूचना आणि प्रत उतरवून घेण्याची मुभा, एवढे तरी विक्रीच्या वेळीच लिहून द्यावे. त्या विद्यार्थ्याला मी तूर्त एवढेच सांगितले आहे की वाड्यांच्या फाइली बाहेर काढता येतात का ते पाहा, येत असतील तर वेगळ्या डिस्कवर उतरव, आणि शेजारी एक चिठ्ठी लिहून ठेव. ओसरीचा नमुना त्याने आपल्या आजोळच्या घरावरून घेतला आहे, तेही तीत यावे.