विश्लेषण : सात आसनी एसयूव्ही घेताय, पण तिसऱ्या रांगेत बसणार कोण?

घरात सहा-सात माणसे असली, की गाडीची चर्चा हमखास एका वाक्यावर येऊन थांबते : ‘घ्यायचीच तर सेव्हन सीटर घेऊ.’ एके काळी या वाक्याचे उत्तर जीप किंवा व्हॅन हे होते. आता ते तीन रांगांची क्रॉसओव्हर एसयूव्ही हे आहे. दिसायला दणकट, चालवायला मोटारीसारखी आणि सगळे घर एकत्र नेणारी. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली महिंद्र एक्सयूव्ही ७०० हे तिचे ठळक उदाहरण. कंपनी हे नाव ‘सेव्हन डबल ओ’ असे उच्चारते, आपण सरळ ‘सातशे’ म्हणतो. मात्र जाहिरातीतल्या सात आसनांपैकी शेवटची दोन आसने बाकीच्या पाचांसारखी नसतात. ती मागाहून, उरलेल्या जागेत बसवलेली असतात. आणि तिथे बसतात ती बहुधा घरातली मुले.

तिसरी रांग आली कुठून?

तिसरी रांग आपल्याकडे नवी नाही. १९९४ मध्ये आलेल्या टाटा सुमोत (हे नाव सुमंत मूळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून) मागच्या बाजूला समोरासमोर तोंड केलेली दोन बाकडी होती. बोलेरोतही तीच सोय. लग्नाचे वऱ्हाड, देवदर्शन, गावाकडचा मुक्काम आणि पश्चिम महाराष्ट्रातले वडाप, हे सगळे या बाकड्यांवर चालले. किती माणसे बसतात, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारत नसे. अजून एक बसेल का, एवढेच विचारले जाई. गुडघ्याला गुडघा भिडलेला आणि अंगावर पट्टा नाही, अशा अवस्थेत एका पिढीने प्रवास केला.

२००५ मध्ये आलेल्या इनोव्हाने मागच्या प्रवाशाला पुढे तोंड करून बसवले. पण तिची बांधणी सुमोच्याच जातीची होती : खाली शिडीसारखी पोलादी चौकट आणि तिच्यावर बसवलेला सांगाडा. ट्रकचीही हीच पद्धत. चौकट ओझ्याला आणि खराब रस्त्याला टिकते. पण तिच्यामुळे गाडीचा तळ उंच होतो, वजन वाढते आणि वळणावर गाडी झुलते.

क्रॉसओव्हर म्हणजे यापेक्षा वेगळे काय?

क्रॉसओव्हरमध्ये वेगळी चौकट नसते. तळ, खांब आणि छप्पर मिळून एकच सांगाडा असतो. त्याला मोनोकॉक म्हणतात. साध्या मोटारी अशाच बनतात. क्रॉसओव्हर म्हणजे मोटारीच्या या बांधणीवर एसयूव्हीची उंची आणि रुबाब. अशा गाडीत इंजिन सहसा आडवे बसते आणि पुढची चाके गाडी ओढतात. मागच्या चाकांना शक्ती पोहोचवणारा लांब दांडा त्यामुळे लागत नाही, तळ सपाट राहतो आणि माणसांसाठी जागा सुटते.

अडचण सुरू होते ती मागच्या आसाजवळ. तिसरी रांग जवळजवळ चाकांवरच येते. दोन्ही बाजूंच्या चाकांच्या कमानी आत घुसल्याने रुंदी घटते आणि छप्पर मागे उतरते झाल्याने डोके टेकते. गतिरोधकाचा धक्का सर्वात आधी तिथेच पोहोचतो. कंपन्या मग मिलिमीटर चोरतात. टाटाने हॅरियरवरून २०२१ ची सफारी बनवली तेव्हा चाकांमधले अंतर २७४१ मिमी तेवढेच ठेवले; लांबी ६३ मिमीने आणि छप्पर ८० मिमीने वाढवले. ह्युंदाईने त्याच वर्षी क्रेटाची अल्काझार करताना चाकांमधलेच अंतर १५० मिमीने ताणले. पहिल्या पद्धतीत डोक्याला जागा मिळते, दुसरीत गुडघ्यांना. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही गाड्या ‘सेव्हन सीटर’च.

एक्सयूव्ही ५०० पासून ७०० पर्यंतचा प्रवास कसा झाला?

जीप आणि ट्रॅक्टर ही ओळख असलेल्या महिंद्र अँड महिंद्रने सप्टेंबर २०११ मध्ये एक्सयूव्ही ५०० आणली. मोनोकॉक बांधणीची ही कंपनीची पहिली एसयूव्ही. डब्ल्यू २०१ या सांकेतिक नावाने चाललेल्या या प्रकल्पावर सुमारे ६५० कोटी रुपये खर्च झाले. रचना चित्त्यावरून सुचल्याचे सांगितले गेले. दाराच्या मुठीसुद्धा पंजासारख्या होत्या. (याला सौंदर्य म्हणायचे की हट्ट, यावर तेव्हा वाद झाला. चित्ता जिंकला, कारण गाडी खपली.) सुरुवातीची किंमत १०.८० लाख रुपये होती. मागणी एवढी, की नोंदणी थांबवावी लागली आणि नंतर ग्राहक सोडतीने निवडावे लागले.

या गाडीच्या आयुष्यातली दोन वळणे अभियंत्यांपेक्षा सरकार आणि न्यायालयाने ठरवली. २०१३ च्या अर्थसंकल्पात एसयूव्हीवरील उत्पादन शुल्क २७ वरून ३० टक्के झाले. एसयूव्ही कोणती, तर चार मीटरपेक्षा लांब, १५०० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाची आणि जमिनीपासून किमान १७० मिमी उंच. कंपनीने एक्सयूव्ही ५०० ची जमिनीपासूनची उंची २०० वरून १६० मिमीवर आणली. खड्ड्यांच्या देशात गाडी किती उंच असावी, हे कराच्या कलमाने ठरवले! पुढे डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्याहून मोठ्या डिझेल गाड्यांच्या नोंदणीवर बंदी घातली. तेव्हा कंपनीने २.२ लिटरऐवजी १.९९ लिटरचे इंजिन उभे केले. ती बंदी ऑगस्ट २०१६ मध्ये उठली.

एक्सयूव्ही ७०० चे अनावरण ऑगस्ट २०२१ मध्ये झाले. ५०० पेक्षा ही ११० मिमी लांब (४६९५ मिमी), पण चाकांमधले अंतर ५० मिमीनेच जास्त (२७५० मिमी). दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन २०० पीएस शक्तीचे, तर २.२ लिटरचे डिझेल प्रकारानुसार १५५ किंवा १८५ पीएसचे. ७ ऑक्टोबरला नोंदणी उघडली आणि ५७ मिनिटांत २५ हजार गाड्यांची नोंदणी झाली. सेमीकंडक्टर चिपच्या जागतिक तुटवड्याचा तो काळ होता. काही प्रकारांसाठी ग्राहकांना वर्षभराहून अधिक थांबावे लागले.

एवढे वेड कशाचे? मोठे कारण म्हणजे महागड्या परदेशी गाड्यांतली यादी या किमतीत आली. १०.२५ इंचांचे दोन पडदे, मोठे काचेचे छत, आणि वरच्या प्रकारांत रडार व कॅमेऱ्यावर चालणारी एडीएएस यंत्रणा. ही यंत्रणा समोरच्या गाडीशी अंतर राखते, मार्गिका सोडल्यास सावध करते आणि धडक दिसली तर स्वतः ब्रेक लावते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर तिचा खरा उपयोग आहे. पट्टे पुसलेल्या, रिक्षा-दुचाकी आडव्या येणाऱ्या बाजारपेठेत तिच्यावर विसंबू नये. मागच्या रांगेसाठीही काही सोयी आहेत : स्वतंत्र एसीचे झोत, पाठ मागे कलणारी आसने, आणि दुसऱ्या रांगेतले डावीकडचे आसन एका खटक्यात पुढे दुमडून आत शिरण्याची वाट.

मग पंचतारांकित सुरक्षेचे काय?

इथे थोडे सावकाश वाचावे लागेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एक्सयूव्ही ७०० ला प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे (१७ पैकी १६.०३ गुण) आणि मुलांच्या सुरक्षेसाठी चार तारे (४९ पैकी ४१.६६ गुण) मिळाले. हे गुण उत्तमच होते आणि चाचणी दोन एअरबॅगच्या साध्या प्रकाराची होती, हेही महत्त्वाचे. मात्र ती झाली कशी? ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडीच्या पुढच्या भागाचा काही हिस्सा अडथळ्यावर आदळवला जातो. पुढच्या दोन आसनांवर प्रौढांचे पुतळे, दुसऱ्या रांगेत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे, तेही मुलांच्या खास आसनांत बांधलेले. धडकेच्या वेळी तिसरी रांग रिकामी असते.

ही उणीव एका कंपनीची किंवा एका गाडीची नाही. चाचणीची पद्धतच तशी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केलेली आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झालेली भारत एनकॅप आधीच्या पद्धतीपेक्षा पुढे गेली आहे. तिच्यात बाजूने होणारी धडक आणि खांबावरची धडकही तपासतात. डिसेंबर २०२३ मध्ये तिचे पहिले निकाल आले, त्यात हॅरियर आणि सफारी या पुण्याच्या गाड्यांना पाच-पाच तारे मिळाले. पण तिथेही धडकेच्या वेळी तिसऱ्या रांगेत पुतळा बसत नाही आणि मागून होणारी धडक तारांच्या हिशेबात येत नाही. तिसऱ्या रांगेत बसलेल्याच्या डोक्यामागे तर डिकीचे दार आणि वीतभर जागा एवढेच असते. मागून ट्रक आदळला तर त्या जागेचे काय होते, याचे उत्तर कोणत्याही ताऱ्यात नाही.

म्हणून तिसरी रांग धोकादायकच, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. समोरून धडक बसली तर तिथला प्रवासी आघातापासून लांब असतो. परंतु पाच तारे सातही आसनांना लागू आहेत, असा समज घेऊन लोक गाडी नेतात आणि कंपन्या तो दूर करत नाहीत. एवढ्या मोठ्या प्रमाणावर तीन रांगांच्या गाड्या विकल्या जाणाऱ्या देशात भारत एनकॅपने मागच्या रांगेत पुतळा बसवायला सुरुवात करावी. त्यासाठी दुसऱ्या कुठल्या देशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

पट्टा लावायचा की नाही, हा प्रश्न अजून आहे का?

आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर अपघाती मृत्यू झाला. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, ते दोघे गेले. पुढचे दोघे वाचले. मागच्या प्रवाशांनाही पट्टा बंधनकारक असल्याचा नियम तेव्हाही होता, पण चर्चा त्यानंतर झाली. तिसऱ्या रांगेत तर पट्टा बहुतेक वेळा आसनाखाली, सामानाखाली किंवा प्लास्टिकच्या वेष्टनातच असतो. न बांधलेले मूल धडकेत पुढच्या आसनावर फेकले जाते आणि पुढे बसलेल्या आजीलाही जखमी करते. ‘मागे काय होतंय’ हे वाक्य भौतिकशास्त्राला मान्य नाही.

किमतीचे गणित कसे?

जीएसटीत मोठ्या एसयूव्हीवर उपकरासह ५० टक्क्यांपर्यंत कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन सरसकट ४० टक्के दर आला आणि एक्सयूव्ही ७०० ची किंमत १.४३ लाख रुपयांपर्यंत उतरली. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना मात्र १८ टक्केच कर. रेनो ट्रायबरने तेवढ्याच लांबीत सात आसने बसवली आहेत. कर गाडीची लांबी आणि इंजिन मोजतो, माणसे मोजत नाही. सहा-सात जणांचे मध्यमवर्गीय कुटुंब स्वस्त करात बसायचे ठरवते तेव्हा त्याच्या वाट्याला सर्वात आखूड तिसरी रांग येते.

दालनात काय पाहावे?

वर्षातून दोनदाच सातजण एकत्र जाणार असतील, तर पाच आसनी गाडी आणि त्या दोन दिवसांसाठी भाड्याची गाडी हे गणित स्वस्त पडते. रोजच सातजण असतील, तर क्रॉसओव्हरपेक्षा इनोव्हासारखी एमपीव्ही मागच्या माणसाला अधिक सुखाची. तरीही क्रॉसओव्हरच हवी असेल, तर विक्रेत्याला हे विचारा : तिसऱ्या रांगेत तीन बिंदूंचे पट्टे आणि डोक्याचे टेकण आहे का? पडद्यासारखी उघडणारी बाजूची एअरबॅग शेवटच्या खिडकीपर्यंत पोहोचते का? मुलांचे आसन अडकवण्याचे आयसोफिक्स बहुतेक गाड्यांत दुसऱ्या रांगेतच असते. दुमडणाऱ्या आसनावर ते बसवले, की तिसऱ्या रांगेची वाट बंद होते. मग मागचा माणूस आत शिरणार कुठून आणि अपघातात बाहेर पडणार कुठून?

तिसरी रांग उभी असताना डिकीत दोन-तीन पिशव्यांपलीकडे काही मावत नाही. सातजणांचे सामान मग छतावर जाते आणि गाडीचा तोल बदलतो. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी टायरमधल्या हवेचा वेगळा आकडा दिलेला असतो. गावी निघताना तो पाहून हवा भरावी. आणि टेस्ट ड्राइव्हला गाडी चालवणाऱ्यानेच जाऊन चालत नाही. घरातले जे कुणी मागे बसणार आहे, त्यांना घेऊन जावे, सगळी आसने भरावीत आणि चार गतिरोधकांवरून गाडी न्यावी. आजीला आत चढायला किती वेळ लागला, मुलाला मळमळले का आणि पट्टा कुणाला सापडलाच नाही, हे पंधरा मिनिटांत कळते.